गव्हर्नरच्या पदरच्या माणसांचा पगार कसा शोधायचा

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट चालत आली आहे. पणजोबा गणेशखिंडीत लाटसाहेबाच्या बंगल्यावर चोपदार होते आणि त्यांना 'सरकारातून' घसघशीत पगार होता. घसघशीत म्हणजे किती? आजी शंभर सांगायची, तिचा भाऊ साठ. निवृत्त झाल्यावर हातात वेळ आला तेव्हा मी एका अभिलेखागारात जाऊन ऐटीत मागणीची चिठ्ठी लिहिली : 'मुंबईच्या गव्हर्नरच्या नोकरांच्या पगाराची फाईल.' चिठ्ठी तशीच परत आली. अशी फाईल नसतेच.

त्यानंतर चार वर्षं गेली. आता मला एवढं कळतं की पगार किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पगार कोणाच्या खिशातून. हे उलटं केलं की वर्ष वाया जातं. माझं गेलं. तुम्ही एम.ए.चा प्रबंध लिहीत असा, घराण्याचा इतिहास काढत असा किंवा नुसतं कुतूहल असो, खालच्या पायऱ्या ओळीने घ्या. मी मुंबई इलाख्याबद्दल लिहितो आहे. मद्रास आणि बंगालचा सांगाडा बराचसा असाच होता, तपशील मात्र तिथलेच पाहावे लागतील.

१. तुमचा माणूस कुठल्या रांगेतला, ते आधी ठरवा

गव्हर्नरभोवतीची सगळी माणसं आपण एका शब्दात 'स्टाफ' म्हणून मोकळे होतो. कागदांत त्यांच्या निदान चार रांगा आहेत.

पहिल्या रांगेत खुद्द गव्हर्नर. त्याचा पगार कायद्यात छापलेला, म्हणून सगळ्यात सोपा.

दुसऱ्या रांगेत साहेबलोक : प्रायव्हेट सेक्रेटरी, मिलिटरी सेक्रेटरी, ए.डी.सी. (साहेबाच्या दिमतीचा लष्करी मदतनीस), सर्जन. कागदोपत्री 'पर्सनल स्टाफ' म्हणजे बहुतेक वेळा एवढेच. मिलिटरी सेक्रेटरी हे नाव फसवं आहे. लढाईशी त्याचा संबंध थोडा. बंगल्याचा कारभार, मेजवान्यांची आमंत्रणं, तबेला, हिशेब, हे सगळं त्याच्याकडे. बंगल्यावरच्या खर्चाचे कागद हवे असतील तर त्याच्या सहीची पत्रं शोधा.

तिसऱ्या रांगेत अंगरक्षक दल आणि बँड. मुंबईचं अंगरक्षक पथक १८६५ सालचं. त्यातले स्वार हे फौजेचे शिपाई, बंगल्याचे नोकर नव्हेत. त्यांची नावं मुलकी यादीत शोधत बसू नका.

चौथ्या रांगेत आपली माणसं. चोपदार, पट्टेवाले, जमादार, हमाल, खानसामे, भिस्ती, मशालजी, मोतद्दार, माळी. ही रांग सगळ्यात लांब आणि कागदांत सगळ्यात धूसर.

एक सापळा इथेच सांगून टाकतो. कंपनीच्या काळातल्या इंग्रजी कागदांत गव्हर्नरची 'फॅमिली' असा शब्द येतो. मी दोन दिवस गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या बायकामुलांचा शोध घेत होतो. एल्फिन्स्टन अविवाहित. तिथे फॅमिली म्हणजे त्याच्याजवळ राहणारे, त्याच्या टेबलावर जेवणारे ए.डी.सी. आणि सेक्रेटरी.

२. साल पक्कं करा

'इंग्रजांच्या काळात' हे साल नव्हे. पगार ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हे दर काही दशकांनी बदलत गेलं आहे, आणि त्यावर तुम्ही कुठलं दफ्तर उघडायचं ते ठरतं. निदान या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

- १८३३ : चार्टर अ‍ॅक्ट. गव्हर्नरचा पगार कायद्यात लिहिला गेला. त्याच कायद्याच्या ५९व्या कलमाने इलाख्याच्या गव्हर्नरांचे हात बांधले : गव्हर्नर जनरलच्या मंजुरीशिवाय नवी जागा काढायची नाही, नवा पगार किंवा भत्ता द्यायचा नाही.
- १८७१ : लॉर्ड मेयोच्या योजनेने काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे आली.
- १८९५ : मुंबई, मद्रास, बंगालच्या वेगळ्या फौजा मोडून एक फौज झाली. ए.डी.सी. लष्करी अधिकारी असेल तर याआधी आणि यानंतर वेगळी लष्करी यादी पाहावी लागते.
- १९२१ : माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, म्हणजे १९१९चा कायदा, अमलात. आता कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर मतं पडू लागली.
- १ एप्रिल १९३७ : १९३५च्या कायद्याखाली प्रांतिक स्वायत्तता.

आर्थिक वर्षाचीही एक खोच आहे. १८६६पर्यंत सरकारी वर्ष १ मे ते ३० एप्रिल असं चाले, १८६७पासून १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यामुळे मधलं १८६६-६७ हे वर्ष अकरा महिन्यांचं. त्या वर्षी एखाद्या आस्थापनेचा, म्हणजे मंजूर नोकरवर्गाचा, खर्च घटलेला दिसला म्हणून 'गव्हर्नर फ्रिअरने काटकसर केली' असं लिहून मोकळे होऊ नका. गणेशखिंडीचा बंगला १८६४पासून १८७१पर्यंत ज्याच्या हट्टाने बांधला गेला आणि ज्याच्या खर्चावरून एवढी बोंब झाली, त्याच्या नावावर काटकसर चिकटवणं म्हणजे विनोदच.

३. पैसा कोणाचा, ते शोधा

ही पायरी नीट जमली की बाकीचं सोपं आहे. खिसे चार.

*गव्हर्नरचा स्वतःचा खिसा.* विलायतेहून बरोबर आणलेला खास नोकर, मडमेची दासी, मुलांची दाई. यांचा पगार साहेब स्वतःच्या पगारातून देई. सरकारी दफ्तरात तो सापडणार नाही, कारण सरकारने तो दिलाच नाही. त्या त्या घराण्याचे खासगी कागद विलायतेत कुठे जपले असतील तर तिथेच काही मिळालं तर मिळेल.

*ठोक भत्ता.* बंगला चालवण्यासाठी, मेजवान्यांसाठी गव्हर्नरला एकरकमी भत्ते मिळत. पुढच्या काळात त्यांची 'कॉन्ट्रॅक्ट अलाउन्स' आणि 'समप्चुअरी अलाउन्स' अशी नावं दिसतात. पहिला घर चालवायला, दुसरा पाहुणचाराला. अशा रकमेतून ज्याला मजुरी गेली त्याचं नाव सरकारी हिशेबात यायचं कारण नाही. हिशेबात येते ती रक्कम.

*इलाख्याची तिजोरी.* मंजूर आस्थापनेवरच्या जागा. इथे जागेचं नाव, संख्या आणि दरमहा दर, तिन्ही मिळतात. तुमचा माणूस इथे असेल तर तुम्ही नशीबवान.

*लष्कराचं अंदाजपत्रक.* अंगरक्षक दलाचा शोध इथून सुरू करा. ए.डी.सी.चं प्रकरण दुहेरी असतं. त्याच्या हुद्द्याचा लष्करी पगार एकीकडे, गव्हर्नरपाशी नेमणूक असल्याबद्दलची जादा रक्कम दुसरीकडे. एकच आकडा वाचून 'ए.डी.सी.ला एवढाच पगार' असं लिहिणारे मी पुष्कळ पाहिले. एकदा मीही लिहिलं आहे.

मग एखाद्याचा पगार कुठल्या खिशातला, हे ओळखायचं कसं? अंदाजपत्रकातल्या ओळीचं शीर्षक वाचा. जागांची संख्या आणि दर दिलेला असेल तर आस्थापना. फक्त ठोक रक्कम असेल तर भत्ता. आणि 'कन्टिन्जन्सी' म्हणजे किरकोळ खर्चाखाली असेल तर माणूस कामावर होता पण जागेवर नव्हता. हा फरक तुम्हाला लहान वाटेल. त्या माणसाला तो लहान नव्हता, कारण पेन्शनीचा हक्क त्यावर अवलंबून असे.

१९२१नंतर आणखी एक रेघ ओढावी लागते. आजच्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात 'दत्तमत' (सभागृहाच्या मताला टाकलेला खर्च) आणि 'भारित' (मताला न टाकलेला) असे दोन शब्द वाचले असतील. त्यांचे पूर्वज इथे भेटतात. १९१९च्या कायद्याखाली बादशहाने किंवा भारतमंत्र्याने (लंडनच्या सरकारातला हिंदुस्थानचा मंत्री) नेमलेल्या माणसांचे पगार कौन्सिलाच्या मताबाहेर होते, उरलेले मताला टाकावे लागत. त्यामुळे एकाच बंगल्यातल्या दोन माणसांपैकी एकाच्या पगाराला आमदार हात लावू शकत आणि दुसऱ्याच्या नाही. १९३५च्या कायद्याने हा वाद निकालात काढला. गव्हर्नरचा पगार, भत्ते आणि त्याच्या कचेरीचा ठरवून दिलेला खर्च भारित झाला. इतर भारित खर्चावर निदान चर्चा करता येई, या एका बाबीवर चर्चेलाही बंदी. शिवाय ३०५व्या कलमाने गव्हर्नरला स्वतःचा सचिवालयीन स्टाफ स्वतःच्या मर्जीने नेमायची आणि त्यांचे पगार स्वतःच ठरवायची मुभा दिली. म्हणजे १९३७नंतर गव्हर्नरच्या सेक्रेटरीचा पगार शोधायला विधानसभेच्या चर्चा चाळत बसू नका, तिथे तो मिळणार नाही. १९२१ ते १९३७ या काळासाठी मात्र मुंबई कौन्सिलाचे छापील खंड जरूर चाळा. 'जनरल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'ची मागणी ज्या दिवशी आली ते दिवस काढायचे. बाकीचं सोडून द्या.

४. आकडा वाचताना नाणं पाहा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, म्हणून थोडा रेंगाळतो.

१९१९च्या कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरच्या पगाराची कमाल मर्यादा १,२८,००० रुपये अशी दिलेली आहे. गव्हर्नर जनरलची २,५६,०००. गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलच्या मेंबराची ६४,०००. हे आकडे मला महिनोन्‌महिने खटकत होते. सरकार पगार ठरवताना गोल आकडा धरतं. सव्वा लाख, दीड लाख. एक लाख अठ्ठावीस हजार हा काय आकडा झाला?

उत्तर १८३३च्या कायद्यात निघालं. तिथे गव्हर्नर जनरलला २,४०,०००, गव्हर्नरला १,२०,००० आणि इलाख्याच्या कौन्सिलच्या मेंबराला ६०,००० आहेत, पण 'सिक्का रुपये'. दोनच वर्षांनी, १८३५मध्ये, सगळीकडे कंपनी रुपया आला. बंगालचा सिक्का रुपया त्यापेक्षा वजनाने जड. हिशेबाला १५ सिक्के म्हणजे १६ कंपनी रुपये धरत. पेन्सिल घ्या आणि करून पाहा : १,२०,०००ला १५ने भागा, १६ने गुणा. १,२८,०००. तसंच २,४०,०००चे २,५६,००० आणि ६०,०००चे ६४,०००. बंगालचा सिक्का बंद होऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली तरी त्याचं वजन कायद्यात बसून होतं.

याच हिशेबात आणखी एक गंमत आहे. १०० सिक्के म्हणजे १०६ रुपये १० आणे ८ पै. आता १,२८,०००ला बारा महिन्यांनी भागा : दरमहा १०,६६६ रुपये १० आणे ८ पै. हे '१०-८' शेपूट कुठल्याही मासिक आकड्याला दिसलं की सावध व्हा. मूळ रक्कम सिक्क्यातली असण्याचा संभव आहे. (रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. तरुणांनी लिहून ठेवावं, नाहीतर तीन स्तंभांची बेरीज दशांशात करून बसाल.)

याच पायरीवरचे दोन सापळे.

एक, कायद्यातला आकडा ही *मर्यादा* असू शकते. १९१९च्या परिशिष्टात 'यापेक्षा जास्त नाही' असं आहे, प्रत्यक्ष रक्कम भारतमंत्री ठरवी. गव्हर्नर जनरलची, म्हणजे व्हाइसरॉयची, मर्यादा २,५६,०००, पण त्याला मिळत २,५०,८००, आणि १९३५च्या कायद्यात शेवटी हाच आकडा छापला गेला. त्याच कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला १,२०,००० आहेत, म्हणजे महिना बरोबर दहा हजार. तेव्हा कायदा वाचून थांबू नका, त्या वर्षाच्या अंदाजपत्रकातली ओळही पाहा.

दोन, पौंडाचा भाव. १८७०च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. चांदी घसरत गेली तसा १८९०च्या दशकात तो चौदा पेन्सच्याही खाली उतरला. घरी पैसे पाठवणाऱ्या गोऱ्या नोकरांची त्यामुळे ओरड झाली आणि १८९३पासून त्यांना 'एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन अलाउन्स' मिळू लागला. त्यानंतर एखाद्या सेक्रेटरीची रक्कम अचानक वाढलेली दिसली तर ती बढती समजू नका. शतक संपताना भाव एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर स्थिरावला. १९२७मध्ये तो एक शिलिंग सहा पेन्स झाला. दोन वेगवेगळ्या दशकांतले पगार पौंडात मांडून तुलना करायची असेल तर आधी हे भाव समोर ठेवा. आणि १९३१च्या अखेरीस सरकारी पगारांवर दहा टक्के कपात आली, ती १९३५पर्यंत टप्प्याटप्प्याने उठली. त्या वर्षांतला आकडा मूळ दर म्हणून घेऊ नका.

५. फाईल कशी वाचायची

आता प्रत्यक्ष कागदाकडे. समजा, बंगल्यावर एक जादा पट्टेवाला हवा आहे. मिलिटरी सेक्रेटरी पत्र लिहितो. खातं त्यावर टिपण करतं, हिशेबखातं शेरा मारतं, आणि रक्कम इलाख्याच्या अधिकाराबाहेरची असेल तर पत्र कलकत्त्याला किंवा उन्हाळ्यात सिमल्याला जातं. मोठ्या जागेचं असेल तर तिथून लंडनला भारतमंत्र्याकडे. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. मग मुंबई सरकारचा ठराव निघतो, म्हणजे जी.आर. तुम्ही सरकारी नोकरी केली असेल तर हा कागद बघून घरी आल्यासारखं वाटेल. आज मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाच्या डोक्यावर 'वाचा :' म्हणून मागच्या पत्रांची यादी असते ना? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या ठरावावरही तीच मांडणी : वर 'वाचले', त्याखाली पत्रांचे क्रमांक आणि तारखा, मग ठराव.

ती 'वाचा'ची यादी तुमचा नकाशा आहे. ठराव वाचण्याआधी ती उतरवून घ्या. त्यातला प्रत्येक क्रमांक पुढच्या मागणीची चिठ्ठी ठरतो. मी आधी नुसता ठराव उतरवत असे आणि संध्याकाळी घरी आल्यावर कळे की 'प्रस्तावित अटींवर मंजूर' एवढंच लिहून आणलं आहे. अटी कुठल्या? त्या वरच्या यादीतल्या पत्रात.

बांधलेल्या खंडात टिपणं तारखेच्या क्रमाने असतीलच असं नाही. तारीख प्रत्येक पानावर पाहा. समासातल्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करू नका. बऱ्याचदा जुना दर आणि नवा दर यांची वजाबाकी कारकुनाने तिथेच केलेली असते, आणि स्वच्छ मसुद्यात फक्त फरक उरतो. 'दरमहा ३ रुपये मंजूर' हे वाचून पट्टेवाल्याचा पगार तीन रुपये समजणं ही नवख्याची हमखास चूक. तीन ही वाढ असू शकते.

शिवाय मंजुरी म्हणजे नेमणूक नव्हे. जागा मंजूर झाली आणि माणूस कधी बसला, यात महिने जातात. साहेबलोकांच्या बाबतीत चार्ज घेतल्याची तारीख राजपत्रात आणि सिव्हिल लिस्टात (मुलकी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) मिळते. चार्ज मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर घेतला यावरून त्या दिवसाचा पगार कोणाला हे ठरे. आपल्याकडे अजूनही ठरतं.

६. भत्ते वेगळ्या रकान्यात मांडा

गव्हर्नरचं सरकार फिरतं असे. हिवाळा मुंबईत, कडक उन्हाळा महाबळेश्वरला, पावसाळा पुण्याला. मुंबईत आधी परळचा बंगला, आणि १८८०च्या दशकापासून मलबार पॉइंट. परळला नंतर हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली. माणसांच्या पगारावर या फिरतीचा परिणाम असा की काही जण बंगल्याबरोबर बांधलेले आणि काही साहेबाबरोबर फिरणारे. गणेशखिंडीचा माळी गणेशखिंडीतच. चोपदार आणि पट्टेवाले साहेबाबरोबर घाट चढणार, उतरणार, आणि त्यांना प्रवासभत्ता.

म्हणून माझ्या वहीत एका माणसाला पाच रकाने असतात : मूळ पगार, जागेचा भत्ता, प्रवास, वस्तुरूपात मिळालेलं (गणवेश, पट्टा, खोली, कधी सरपण), आणि वजावट. वस्तुरूपातला रकाना रिकामा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. डोक्यावर छप्पर फुकट असलेल्या माणसाचा दहा रुपये पगार आणि शहरात भाड्याने राहणाऱ्याचा दहा रुपये पगार एकसारखे नव्हेत. गणवेशाचा हिशेब पगाराच्या फाइलीत नसतो, खरेदीच्या कागदांत असतो.

७. कुठे जायचं, काय न्यायचं

मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्राचं पुराभिलेखागार. या दफ्तराची सुरुवात १८२१ची, एल्फिन्स्टनच्याच कारकिर्दीतली. मी जनरल डिपार्टमेंटच्या खंडांपासून सुरुवात केली. तिथे धागा तुटला की फायनान्शियल, मग मिलिटरी. इमारतीच्या आणि बागेच्या बाबी पब्लिक वर्क्सकडे. खंड मागताना खातं, साल, खंड क्रमांक आणि असला तर कम्पायलेशन (खंडातल्या प्रकरणाचा) क्रमांक, हे सगळं लागतं.

दिल्लीला न जाता दिल्लीचा शोध घ्यायचा असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. तिथे होम आणि फायनान्स खात्यांची कामकाजं पाहा. कलकत्त्याला गेलेलं मुंबईचं पत्र तिकडच्या प्रतीत जास्त सुवाच्य सापडल्याचा अनुभव मला दोनदा आला. छापील अंदाजपत्रकं आणि अहवालांसाठी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय, त्याचा बराच भाग आता संगणकावर मिळतो. एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथ संजीवनी'वर जुनी वृत्तपत्रं आहेत. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, पण तिथे जाण्याचा खर्च करण्याआधी इथलं सगळं संपवा. इथलं संपत नाही.

बरोबर न्यायचं :

- फोटो असलेलं ओळखपत्र, त्याची प्रत, दोन फोटो
- विद्यापीठाचं किंवा संस्थेचं ओळखपत्र. तुम्ही कुठल्याच संस्थेत नसाल तर कारण लिहिलेला साधा अर्ज, आणि जाण्याआधी फोन करून नियम विचारणं
- पेन्सिली. पेन बाहेर ठेवावं लागतं
- भिंग, आणि जुन्या कागदांच्या धुळीचा त्रास होत असेल तर मास्क
- छायाचित्रं काढू देतात का, फी किती, हे पहिल्याच दिवशी विचारा
- मोडी वाचता येणारा एक मित्र. इंग्रजी फाईलीला कधी मूळ मोडी अर्ज टाचलेला असतो, आणि इंग्रजी भाषांतरात अर्ध्या तक्रारी गळालेल्या असतात

दुपारच्या सुट्टीआधी चिठ्ठी टाका. नंतर टाकली तर खंड दुसऱ्या दिवशी.

८. चौथ्या रांगेतली नावं

साहेबाचं नाव सिव्हिल लिस्टात आहे, लष्करी यादीत आहे, राजपत्रात आहे. चोपदाराचं कुठे? अंदाजपत्रकात फक्त जागा आणि दर. नावं मिळण्याच्या माझ्या माहितीतल्या वाटा तीनच.

पेन्शनीची प्रकरणं. तिथे वय, नोकरीची वर्षं, शेवटचा पगार, कधी गावाचं नावही येतं. पण यासाठी माणूस आस्थापनेवर असायला हवा, आणि खालच्या वर्गाच्या पेन्शनीचे नियम वरच्यांपेक्षा निराळे होते, तेही वाचून ठेवा. दुसरी वाट अर्जांची : पगार वाढवा, महागाई झाली, प्लेगच्या दिवसांत घर सोडावं लागलं. पुण्यात १८९७मध्ये प्लेगची साथ होती आणि त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या सुमाराची पुण्याची दफ्तरं जाड आहेत. पण बहुतेक कागद पोलिसी, आणि त्यांत नोकरचाकर साक्षीदार म्हणून येतात, पगारदार म्हणून नाही. तिसरी वाट चोरी, दंड, बडतर्फी. ही वाट घरच्यांना सांगायच्या आधी स्वतः वाचा.

आमच्या पणजोबांचं म्हणाल तर चोपदारांची जागा सापडली, संख्या सापडली, दरही सापडला. तो शंभर नव्हता आणि साठही नव्हता. दोन्हींच्या बराच खाली होता, इतका की मावशीला सांगितल्यावर ती म्हणाली, 'चुकीचं वाचलं असशील.' नाव अजून नाही. आस्थापनेवरच्या जागा मोजल्या तर घरात सांगतात तेवढे चोपदार त्यांत बसत नाहीत, म्हणजे उरलेले किरकोळ खर्चाखाली असणार, आणि पणजोबा त्यांतलेच असतील तर पेन्शनीची वाट बंद. पुढच्या खेपेला गणवेशाच्या खरेदीचे कागद मागवले आहेत. पट्टे माणशी मोजून दिले जात.